आधी काटा, मग कॅम्पर

पिकअपच्या हौद्यात बसवायची आणि गरज संपली की उतरवून ठेवायची खोली, म्हणजे ट्रक कॅम्पर. (‘बोलेरो कॅम्पर’ हे डबल कॅब पिकअपचं नाव आहे, त्याचा इथे संबंध नाही.) गेल्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. मुंबई आणि आसपासच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमच्याकडे पांढऱ्या नंबरप्लेटची डबल कॅब पिकअप आहे. घरात आम्ही चौघं. पक्क्या भिंतींचा, ४०० किलोंचा कॅम्पर पसंत केला आहे. इंजिन दणकट आहे, मग अडचण काय? (बोरिवली)

गाडी ओढण्याचं काम इंजिनाचं. भार मात्र पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), टायर, अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) आणि ब्रेक यांच्यावर येतो. त्यामुळे इंजिनाची ताकद इथे मोजायचीच नाही. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली कंपनीची प्लेट असते, तिच्यावर गाडीचं भारासह कमाल वजन लिहिलेलं असतं. तो आकडा टिपून घ्या. मग टाकी भरून गाडी ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर न्या. हमरस्त्यालगत आणि गोदामांच्या भागांत असे काटे असतात, थोड्या पैशांत छापील पावती मिळते.

समजा प्लेटवर २,५१० किलो आहेत आणि डिझेल भरलेली रिकामी गाडी काट्यावर २,०८० किलो भरली. शिल्लक राहिले ४३०. त्यातून तुम्हा चौघांचे २६० वजा करा. उरले १७०. या १७० किलोंत कॅम्पर, पाणी, बॅटरी, शेगडी, गाद्या, कपडे आणि किराणा असं सगळं बसवायचं आहे. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे ५० लिटरच्या टाकीतच ५० किलो गेले. माहितीपत्रकातलं कॅम्परचं वजन बहुधा कोरडं असतं. त्यात पाणी, गॅस, बॅटरी धरलेली नसते आणि कधी कधी कॅम्पर उचलायचे जॅकही नसतात. ४०० किलोंचा कॅम्पर निघताना सहज ५०० किलो भरतो.

थोडक्यात, तुमच्या गाडीला हा कॅम्पर पेलणार नाही. एक पाटा वाढवू किंवा मागे पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी (एअरबॅग) टाकू, असं कोणी सांगेल. त्याने गाडीची मागची बाजू वर उचलली जाईल, पण ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग तीच राहतील आणि प्लेटवरचा आकडाही तोच राहील. चौघांसाठी हौद्यावर हलकं झाकण, आत सरकते कप्पे आणि टपावर घडीचा तंबू ही मांडणी करा. तंबूचं वजन ५०-६० किलो असतं, मात्र टपाच्या कॅरिअरची चालत्या गाडीतली मर्यादा आधी तपासा. दोघंच जाणार असाल तर घडीच्या छताचा, कॅनव्हासच्या भिंतींचा हलका कॅम्पर हिशेबात बसू शकतो. पक्की खोलीच हवी असेल, तर टनाच्या पुढे भार घेणारी मालवाहू पिकअप लागते. तिच्याबरोबर पिवळी प्लेट आणि फिटनेसची तपासणी येते. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही.

कुर्ल्याचा फॅब्रिकेटर लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकून स्वस्तात कॅम्पर करून देतो म्हणतो. करून घ्यावा का? (चेंबूर)

काम चांगलं होऊ शकतं. फक्त कागदावर वजन मांडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. ४० बाय ४० चा, २ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला जवळपास २.४ किलो भरतो, त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा ०.८ किलो. सांगाड्याला ४५ मीटर पाइप लागला तर एकात १०८ किलो जातात, दुसऱ्यात ३६. १८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट ३५ किलोंच्या आसपास असते. फर्निचरवाले सवयीने १८ मिमीच वापरतात. इथे जमिनीला १२ आणि कप्प्यांना ६ ते ९ मिमी पुरते. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लायचा. आयएस ३०३ चा प्लाय घरातल्या कपाटांना ठीक आहे, आपल्या चार महिन्यांच्या पावसात नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी घाला. खाऱ्या हवेत तो सांधा आधी कुजतो.

कॅम्पर चढवल्यापासून साठच्या पुढे स्टीअरिंग हलकं लागतं आणि गाडी डोलते. टायर बदलू का? (कल्याण)

टायर नंतर. आधी कॅम्परचा भारमध्य, म्हणजे त्याचं सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, कुठे पडतो ते शोधा. तो मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढेच पडायला हवा. मागे गेला तर सी-सॉसारखं होतं, मागची बाजू दबते आणि पुढची चाकं उचलली जातात. ज्या चाकांनी गाडी वळते त्यांच्यावरचाच भार कमी होतो, म्हणून स्टीअरिंग हलकं लागतं.

शोधायला पुन्हा काटाच लागतो. पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर असं एक वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं दुसरं. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलचा भार मिळतो. हे कॅम्परशिवाय एकदा आणि कॅम्परसह एकदा करा. समजा कॅम्परशिवाय पुढे १,१८० आणि मागे ९०० होते. ४०० किलोंचा कॅम्पर चढवल्यावर पुढे १,१५० आणि मागे १,३३० झाले. म्हणजे कॅम्पर ४०० चा, पण मागचा भार ४३० ने वाढला. जास्तीचे ३० किलो पुढच्या चाकांवरून आले. आता ३० ला ४०० ने भागा आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराने, समजा ३.१ मीटरने, गुणा. उत्तर ०.२३ मीटर. भारमध्य अ‍ॅक्सलच्या २३ सेंटिमीटर मागे आहे.

मग मागच्या दाराजवळची पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढे, केबिनच्या भिंतीला लागून हलवा. स्टेपनी मागच्या दारावर टांगली असेल तर आधी ती काढा. कॅम्पर आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात फट असेल तर कॅम्पर पुढे सरकवून तिथे लाकडी ठोकळा द्या. एवढं करूनही भारमध्य मागेच राहिला तर तो कॅम्पर या हौद्याचा नाही, मोठ्या हौद्याचा आहे.

हे झालं की टायर बघा. बाजूवर ११२ लिहिलं असेल तर एक टायर १,१२० किलो पेलतो, ११० असेल तर १,०६०. हवा दाराच्या चौकटीवर ‘पूर्ण भार’ या रकान्यात दिलेली भरा, आणि तीही टायर थंड असताना. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांतून वय कळतं. २४१९ म्हणजे २०१९ चा २४ वा आठवडा. इतक्या जुन्या टायरवर नक्षी चांगली दिसली तरी घाटात पूर्ण भार घालू नका.

सोसायटीच्या आवारात कॅम्पर चढवता-उतरवता येईल का? बांधायचा कसा? (मुलुंड)

जागा सपाट हवी आणि मदतीला एक माणूस हवा. चार कोपऱ्यांच्या जॅकखाली फूटभर रुंद फळ्या ठेवा, नाहीतर जॅकचा पाय पेव्हर ब्लॉकमध्ये रुततो आणि कॅम्पर कलंडतो. हौद्याचा मागचा फाळका आधीच काढून ठेवा. नंबरप्लेट आणि तिचा दिवा झाकला जात नाही ना, ते बघा. चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीने वर घ्या. पुढची बाजू किंचित उंच राहिली तर चालते, मागची कधीच नको. हौद्यात ८-१० मिमी जाडीची रबरी मॅट अंथरा. ती नसेल तर रंगवलेल्या पत्र्यावर कॅम्पर सरकतो. मग गाडी अगदी हळू मागे घ्या. चाकाच्या कमानीपासून दोन्ही बाजूंना सारखं अंतर सुटलं की जॅक उतरवा. कॅम्पर नुसत्या जॅकवर उभा असताना आत कोणी जायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही.

बांधायला चार टर्नबकल (पिळून ताण देता येणारे आट्यांचे सांधे) आणि चासीला बोल्टने बसवलेले हुक. हौद्याच्या पातळ पत्र्यातले हुक ताडपत्रीसाठी असतात, खोलीसाठी नाहीत. टर्नबकल हाताने घट्ट करा आणि वर एक-दोन आटे द्या. त्यापेक्षा जास्त पिळलं तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात हुक उपटतो. पहिल्या २५-३० किलोमीटरनंतर थांबून चारही पुन्हा तपासा. कॅम्पर बसतो आणि एक तरी टर्नबकल सैल झालेला असतोच.

पोडियम पार्किंगच्या दारावरची उंचीची पाटी वाचा आणि कॅम्परसह गाडीची उंची टेप लावून मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. तुळई किती खाली आहे हे सोसायटीचा वॉचमन सांगेल, तुमची गाडी किती उंच आहे ते त्याला ठाऊक नसतं.

आत एसी, फ्रिज चालेल ना? मे महिन्यात त्याशिवाय झोप कशी लागणार? (ठाणे)

लाइटबिलाच्या भाषेत बोलू. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट वीज. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात चार युनिट किंवा जास्त घेतो. त्यासाठी चार बॅटऱ्या, जाड वायरिंग, मोठा इन्व्हर्टर आणि एवढं सगळं पेलणारी गाडी लागेल. पहिल्या कॅम्परमध्ये एसीचा विचार सोडा.

फ्रिज मात्र जमतो. ४० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरचा फ्रिज मुंबईच्या उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास घेईल. छताचा पंखा रात्रभर २० च्या आसपास, दिवे आणि फोन ८-१०. एकूण ७०. एक लिथियम बॅटरी एका दिवसाला पुरते. शिशाची त्याच मापाची बॅटरी जेमतेम निम्मीच वापरता येते आणि वजन दुपटीहून जास्त. चार्जिंगसाठी इंजिनावरून २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घ्या. तीन तासांच्या प्रवासात ५०-६० अँपिअर-तास भरतात. पुढून मागे पाच मीटर अंतर असेल तर वायर १० चौरस मिमीची घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, वायर तापते आणि बॅटरी अर्धवट भरते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. एका टोकाला गाडीची बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला कॅम्परची, म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक. २०० वॉटचं सोलर पॅनल ऑक्टोबर ते मे उपयोगाचं, जुलैत त्याच्यावर विसंबू नका.

झोप लागण्यासाठी छताला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या कोपऱ्यात खाली, जाळी लावलेली खिडकी. आणि मे महिन्यात अलिबागऐवजी भंडारदरा.

घरचा सिलिंडर नेला तर? (दादर)

नेऊ नका. १४.२ किलोंच्या सिलिंडरचं भरलेलं वजन ३० किलोंच्या घरात जातं आणि तो आडवा पडू न देता बांधायला जागा नसते. पाच किलोंचा घ्या. तो उभाच, पट्ट्याने बांधलेला, आतल्या खोलीपासून पूर्ण बंद आणि फक्त बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं ठेवा, वरच्या जाळीचा उपयोग नाही. चालत्या गाडीत सिलिंडर बंद. शेगडी पेटलेली असताना खिडकी आणि पंखा दोन्ही उघडे. थंडी आहे म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म पलंगाच्या उंचीला लावा आणि गॅसगळतीचा वेगळा अलार्म जमिनीजवळ.

आरटीओ अडवेल का? (नवी मुंबई)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना मनाप्रमाणे बदलता येत नाही. वेल्डिंग करून कायमची खोली बसवली तर तो बदल ठरतो. उतरवता येणारा कॅम्पर वेगळा, तरी भाराचे नियम त्यालाही लागू होतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर भार हौद्याच्या बाजूंना किंवा परवानगीपेक्षा पुढे, मागे, वर गेला तर दंड २०,००० रुपये आहे. जादा वजनालाही २०,००० आणि वर प्रत्येक टनाला २,०००. परदेशी कॅम्परच्या बाजू हौद्याच्या कडांवरून बाहेर येतात, तो आकार इथे घेऊ नका. फोटो, मापं, वजनाची पावती जोडून आरटीओकडून लेखी उत्तर घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. धावत्या कॅम्परमध्ये कोणी बसायचं किंवा झोपायचं नाही.

पहिली सहल कुठे आणि कधी करावी? पावसाळ्यात काय बिघडतं? (डोंबिवली)

पहिली रात्र घराजवळच. आवारात झोपा, स्वयंपाक करा, टाकी रिकामी करा. काय विसरलं ते तिथेच कळतं. दुसरी सहल दोन-तीन तासांच्या अंतरावर, कुंपण आणि संडास असलेल्या जागी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. काशीद, हरिहरेश्वरच्या वाळूत गाडी घालू नका. भरलेला कॅम्पर ओल्या वाळूत रुतला आणि भरती आली, की ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारात असतं.

कसारा किंवा माळशेज उतरताना, ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबा, मग सोडा. सतत हलका पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि करपल्याचा वास येतो. वास आला की रुंद जागी थांबा, वीस मिनिटं थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. कोकणातल्या गावरस्त्यांवर आंब्याच्या फांद्या आणि लोंबत्या वायरी छताच्या पंख्याला लागतात. एकाने उतरून पुढे चालावं.

पावसात कॅम्पर गळतो तो बहुतेक छताच्या सांध्यांतून आणि पंख्याच्या चौकटीतून. मे अखेरीस सांधे बोटाने दाबून बघा. सील कडक झालं असेल किंवा तडे दिसले तर खरवडून ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी आणि वर छताचं सीलंट लावा. जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच चिकटत नाही. आत दोन माणसांच्या श्वासाने रात्रभरात अर्धा लिटर तरी बाष्प सुटतं आणि ते गादीखाली साचतं. गादीखाली फटी असलेल्या पट्ट्या ठेवा, सकाळी गादी उभी करा. घरी परतल्यावर कॅम्पर बंद करून ठेवण्याआधी चारही कोपऱ्यांत प्लायवर अंगठा दाबून बघा. मऊ लागला तर पाणी आत शिरलेलं आहे, तो कोपरा त्याच आठवड्यात उघडा.