ग्रेशर्टची ऑफर: जानेवारीपर्यंत थांबायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा येत्या मे महिन्यात हायस्कूल संपवतोय, अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनला (समोरच्यांना अडवणाऱ्या धिप्पाड लाइनमनच्या रांगेत) खेळतो, आणि दोन वर्षं त्याच्या मागे असलेले कोच आता म्हणतायत, "ऑगस्टऐवजी जानेवारीत ये, तुला ग्रेशर्ट करतो," म्हणजे कॉलेजप्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही एक सत्र पुढे. घरात सगळ्यांना वाटतंय की हा गोड शब्दांतला नकार आहे आणि मुलाचं वर्ष वाया जाणार. आमच्याकडे २०१६ च्या फेब्रुवारीत अगदी हेच झालं होतं. पुण्याहून आजीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग पोराचं वर्ष गेलंच का गं?" म्हणून सविस्तर लिहिते.

वर्ष जात नाही. एनसीएए ही कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात. ही पाच वर्षं हायस्कूल संपल्यावर सुरू होत नाहीत. कुठल्याही कॉलेजात फुल-टाइम नाव नोंदवून मूल पहिल्या दिवशी वर्गात बसलं की सुरू होतात, आणि एकदा सुरू झाली की सहसा थांबत नाहीत. तुमचा मुलगा ऑगस्टमध्ये गेला तर त्याच्या वाट्याला या वर्षापासूनचे पाच फॉल (ऑगस्ट ते डिसेंबरचं सत्र, फुटबॉलचा मोसम त्यातच असतो) येतात. जानेवारीत गेला तरी पाचच येतात, फक्त पुढच्या वर्षापासूनचे. मधल्या काळात शरीर एका वर्षाने भरतं. लाइनमनसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्या जागेवर अठराव्या वर्षी क्वचितच कुणी उभं राहू शकतं. शिवाय जानेवारीत आलेला मुलगा स्प्रिंगचा सराव पूर्ण करूनच पहिल्या मोसमाला सामोरा जातो.

रेडशर्ट वेगळा, त्यात गल्लत करू नका. रेडशर्ट मुलगा कॉलेजात असतो, संघाबरोबर सराव करतो, पण तो मोसम त्याच्या चारांत धरला जात नाही. २०१८ पासून तो चार सामने खेळला तरी चालतं. मात्र त्याची पाच वर्षं सुरू झालेली असतात. ग्रेशर्टची झालेली नसतात, आणि म्हणून पुढे जाऊन तो रेडशर्टही होऊ शकतो.

आता जिथे आमचा घात होता होता राहिला ते सांगते. या चार-पाच महिन्यांत मुलगा शिकू शकतो, पण पार्ट-टाइम. साधारण बारा क्रेडिट म्हणजे फुल-टाइम. आमच्या मुलाने घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात तीन विषय, म्हणजे नऊ क्रेडिट घेतले. नाव नोंदवताना तिथल्या सल्लागार बाईंनी अगदी मायेने सुचवलं, चौथा विषय घे, पुढे भार हलका होईल. तो हो म्हणून घरी आला. त्या चौथ्या विषयाने बारा क्रेडिट झाले असते आणि पहिल्या तासालाच त्या पाच वर्षांचं घड्याळ चालू झालं असतं. मी रात्री कागद चाळले म्हणून लक्षात आलं. त्या बाईंची काही चूक नव्हती, त्यांना फुटबॉलचे नियम माहीत असण्याचं कारणच नव्हतं. हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या विषयांची (ड्युअल क्रेडिट) मात्र काळजी करू नका, त्याने घड्याळ सुरू होत नाही.

पैशाचं गणितही आधीच मांडा. जानेवारीपर्यंत शिष्यवृत्ती नाही, फी तुमची, आणि संघासोबत सरावही नाही. आमच्या मुलाचा आदल्या ऑक्टोबरमध्ये, हायस्कूलमध्ये असतानाच, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता. पुढचा सगळा व्यायाम आणि फिजिओथेरपी आमच्या विम्यावर झाली. सव्विसाव्या वर्षापर्यंत मूल आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकतं, पण तुमच्या पॉलिसीत फिजिओथेरपीच्या किती भेटी बसतात ते बघून ठेवा. कॉलेजची अभ्यासावरची शिष्यवृत्ती मिळणार असेल तर तीही विचारा. काही ठिकाणी ती फॉलमध्ये येणाऱ्यांनाच असते.

माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: हे थांबणं कोणाच्या गरजेचं आहे, आणि तुम्हाला ते कधी सांगितलं?

आमच्या बाबतीत गरज मुलाच्या गुडघ्याची होती आणि कोचनी फेब्रुवारीतच स्पष्ट सांगितलं. त्याच्याच शाळेतल्या दुसऱ्या एका मुलाला जुलैत फोन आला, सामान बांधून झाल्यावर. त्याने बाकीच्या ऑफर्स केव्हाच नाकारल्या होत्या. डिसेंबरमध्ये ते कोच गेले आणि नव्या कोचना तो मुलगा कोण हेही माहीत नव्हतं. त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

असं का होतं, हेही समजून घ्या. पूर्वी एका संघाला एकूण ८५ आणि वर्षाला २५ नव्या मुलांनाच शिष्यवृत्ती देता यायची. काही मुलं ऐनवेळी गळतील म्हणून कोच जास्तीच्या सह्या घ्यायचे आणि गळती झाली नाही की उरलेल्यांना ग्रेशर्ट करायचे. २००९ मध्ये कोच ह्यूस्टन नट यांनी मिसिसिपी विद्यापीठासाठी ३७ जणांच्या सह्या घेतल्या, त्यानंतर एसईसीने (ते विद्यापीठ ज्या दक्षिणेकडच्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्या गटाने) आधी २८ ची आणि पुढे २५ ची मर्यादा घातली. २०१० मध्ये एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) तर वसतिगृहात राहायला आलेल्या एका लाइनमनला ऑगस्टमध्ये ग्रेशर्ट व्हायला सांगितलं गेलं. मला हे आजही अन्यायाचंच वाटतं.

वर्षाला २५ ची ती अट २०२३ मध्ये कायमची गेली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातली (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या दाव्यातली) तडजोड मंजूर झाली आणि तीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादाही उठली. त्याऐवजी आता डोकी मोजतात: संघात १०५ खेळाडू, वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय खेळणारे) धरून. म्हणजे ऑगस्टमध्ये खरोखरच जागा नसेल आणि मोसम संपून जुनी मुलं गेली की जानेवारीत होईल, असं कोच सांगत असतील तर ते खरं असू शकतं. पण त्याच सुमारास ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडतं. २०२६ पासून त्याची एकच खिडकी आहे, २ ते १६ जानेवारी. तुमचा मुलगा बॅग घेऊन निघेल त्याच पंधरवड्यात कोचसमोर बावीस वर्षांचे, तीन मोसम खेळलेले लाइनमन उभे असतील. शिवाय कोच बदलतात तेही नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच.

म्हणून तोंडी शब्दावर थांबू नका. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (मुलाला कॉलेजशी बांधणारं पत्र) २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं, आता शिष्यवृत्तीचा करार हाच काय तो कागद. तो जानेवारीच्या सत्रापासून लागू होईल असं त्यात लिहून मागा. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला करार कॉलेजशी असतो, कोच गेले तरी तो राहतो. प्रवेश विभागाकडून जानेवारीच्या प्रवेशाचं पत्र वेगळं घ्या. कोच कागद द्यायला टाळाटाळ करत असतील तर दुसऱ्या ऑफर्स अजिबात सोडू नका, आणि मुलालाही तसं नीट समजावून सांगा. या वयात त्यांना कोचचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतं.

अभ्यासाचंही एकदा तपासा. पहिल्या डिव्हिजनला हायस्कूलचे १६ कोअर विषय (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय) लागतात. वेळेवर हायस्कूल पूर्ण केलेल्याला त्यानंतरच्या वर्षभरात आणखी एक कोअर विषय घेता येतो. एखादा विषय राहिला असेल तर हा काळ त्यासाठी उपयोगी पडतो.

उशिरा सुरुवात केली तरी बिघडत नाही हे आजोबांना समजवायचं असेल तर बीवायूची (मॉर्मन चर्चच्या ब्रिगहम यंग विद्यापीठाची) मुलं दाखवा. तिथले कितीतरी खेळाडू अठराव्या वर्षी चर्चच्या मिशनवर जातात, दोन वर्षांनी परत येतात, आणि तो काळ एनसीएए त्यांच्या पाच वर्षांत धरत नाही. ब्रँडन वीडन तर आधी काही वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला, मग ओक्लाहोमा स्टेटला क्वार्टरबॅक झाला आणि २०१२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडला गेला.

शेवटी व्हिसाबद्दल, कारण तुम्ही त्याविषयी काही लिहिलेलं नाही. मुलगा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. एच-४ वर (आई-वडिलांच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर पार्ट-टाइम शिकता येतं, पण एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. ग्रेशर्टमुळे ती तारीख येईल तेव्हा त्याचं कॉलेज आणखी कमी झालेलं असेल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर फुल-टाइम शिकणं बंधनकारक आहे, म्हणजे नऊ क्रेडिटचा आमचा मार्ग त्याच्यासाठी बंद. तसं असेल तर कोचना उत्तर देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, आणि कराराचा मसुदा हातात आला की इथे लिहा. मुलाचं नाव झाकून मजकूर टाकलात तर मी ओळ न् ओळ वाचून सांगेन.