मुलाच्या तोंडी बर्मिंगहॅमचे इंग्रजी

बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आता अगदी तिथल्या मुलांसारखे इंग्रजी बोलतो. सुटीत तो लंडनच्या हॅरो भागात काकांकडे गेला, तेव्हा चुलत भावंडांनी त्याच्या हेल काढून बोलण्याची नक्कल केली आणि घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितले की, याला आत्ताच उच्चारांचा क्लास लावा, नाहीतर पुढे नोकरीत अडेल. क्लास लावावा का, आणि निदान घरी तरी त्याचे उच्चार सुधारावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर दोन्ही बाबतींत नाही असेच आहे. मात्र तुमच्या नातेवाइकांची भीती अगदीच निराधार नाही, त्यामुळे ती कुठून येते हे नीट समजून घ्यायला हवे.

ब्रिटनमध्ये ॲक्सेंटवरून माणसाची प्रत ठरवली जाते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० मध्ये एकाच व्यक्तीकडून एकच मजकूर वेगवेगळ्या ॲक्सेंटमध्ये वाचून घेतला आणि तो श्रोत्यांना ऐकवला. बोलणारा एकच आहे हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते; त्यांनी रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिष्ठित उच्चारांना वरचे स्थान दिले आणि बर्मिंगहॅमला तळाचे. पुढे २००४ मध्ये बीबीसीच्या एका मोठ्या पाहणीत पाच हजारांहून अधिक लोकांनी ३४ ॲक्सेंटबद्दल मत दिले, तेव्हाही हा क्रम फारसा हलला नव्हता. अलीकडे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासातही जवळपास तीच उतरंड आढळली. २००४ च्या त्या यादीत प्रतिष्ठेच्या दृष्टीने बर्मिंगहॅमच्या आसपासच आणखी एक ॲक्सेंट होता, तो म्हणजे आशियाई लोकांचा; ब्रिटनमध्ये या शब्दाने मुख्यतः भारतीय उपखंडातले लोक समजतात. ज्या मापाने तुमच्या मुलाचे बोलणे हलके ठरवले जाते, त्याच मापाने त्याच्या आईवडिलांचे आणि क्लास लावा म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे बोलणेही हलके ठरते. ते माप आपण आपल्या घरात का आणावे, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

ही उतरंड आवाजाच्या गोडव्यावर बेतलेली असती, तर बाहेरून आलेल्या माणसालाही ती ऐकू आली असती. तसे होत नाही. जाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सची आणि क्रीट बेटावरची ग्रीक ऐकवली. ग्रीसमध्ये अथेन्सच्या बोलीला मान आहे आणि क्रीटच्या बोलीला तो नाही, पण या विद्यार्थ्यांना दोहोंत उजवे-डावे काही ठरवता आले नाही. इंग्रजीचेही तसेच आहे. ज्याने बर्मिंगहॅमबद्दल कधी काही ऐकलेलेच नाही अशा अमेरिकन माणसाला तिथला हेल कुरूप वाटण्याचे कारण नसते. तो कुरूप वाटतो तो ब्रिटनमध्ये वाढलेल्यांना, कारण त्यांच्या कानात त्या हेलासोबत कारखाने, कोळसा, लोखंड आणि कामगार वस्त्या येतात; बर्मिंगहॅम, लिव्हरपूल आणि ग्लासगो ही तिन्ही उद्योगांची शहरे या बाबतीत एकाच रांगेत बसतात आणि खेडोपाडीच्या बोली मात्र साध्याभोळ्या म्हणून आवडून घेतल्या जातात. विदर्भातून किंवा खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या ज्या कुणी वसतिगृहात आपल्या बोलण्याची नक्कल ऐकली असेल, त्यांना हे मी नव्याने सांगायला नको.

आपण या देशात बाहेरून आलो, तेव्हा ही उतरंड आपल्या कानांत नव्हती. आपण ती इथे येऊन शिकलो, किंवा त्याआधीच रेडिओवरून शिकलो. बीबीसी १९२२ मध्ये सुरू झाली आणि १९२६ मध्ये तिने उच्चार ठरवण्यासाठी एक समितीच नेमली. पुढे कित्येक वर्षे निवेदकांचा जो एकच सूर जगभर ऐकू गेला, तोच शुद्ध इंग्रजीचा सूर अशी आपल्याकडे समजूत झाली. युद्धकाळात, १९४१ मध्ये, हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांनी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या उच्चारांत राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. प्रत्यक्षात तो प्रतिष्ठित सूर बोलणारे ब्रिटनमध्ये फार थोडे आहेत. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७० च्या दशकात त्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के असल्याचा अंदाज केला होता. हॅरोतल्या तुमच्या पुतण्यांचा ॲक्सेंटही त्या ३ टक्क्यांतला असण्याची शक्यता कमीच. 'वॉटर'मधला 'ट' गिळणारे लंडनचे मूल यादीच्या माथ्यावर बसलेले नसते.

आता नोकरीची भीती. सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात नोकरदारांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी कामाच्या ठिकाणी आपल्या ॲक्सेंटची थट्टा किंवा त्यावर टीका झाल्याचे सांगितले, आणि उत्तर इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांना आपल्या उच्चारांमुळे मागे पडू अशी धास्ती अधिक होती. हे मी लपवणार नाही. पण क्वीन मेरी विद्यापीठाच्या त्याच अभ्यासात वकिलांच्या नेमणुका करणाऱ्या अनुभवी लोकांना मुलाखतीतली चांगली आणि सुमार उत्तरे वेगवेगळ्या ॲक्सेंटमध्ये ऐकवली, तेव्हा त्यांना ॲक्सेंट कोणताही असला तरी चांगले उत्तर चांगले म्हणून ओळखता आले. त्यामुळे मुलासाठी वेळ आणि पैसा खर्च करायचाच असेल, तर तो वाचनावर, वादविवादावर आणि चारचौघांत उभे राहून मुद्देसूद बोलण्याच्या सवयीवर करा.

घरी उच्चार दुरुस्त करण्याचा तसा उपयोगही होत नाही. मिल्टन कीन्स हे १९६७ मध्ये वसवायला घेतलेले नवे शहर. तिथे देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या कुटुंबांतल्या चार, आठ आणि बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ पॉल कर्सविल आणि त्यांच्या सहकारी ॲन विल्यम्स यांनी केला. चार वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात आईवडिलांची छाप दिसत होती. मोठी मुले मात्र सवंगड्यांसारखी बोलत होती. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्या वयाला जे स्वाभाविक तेच तो करतो आहे. त्या गावात आपली जागा करण्याचा त्याचा तो मार्ग आहे. जेवताना प्रत्येक वाक्याला टोकले गेले, तर तो घरात कमी बोलू लागेल, आणि मराठीतही कमी बोलू लागेल, ही मला खरी धास्ती वाटते. मोठा झाल्यावर समोरचा माणूस पाहून सूर बदलणे त्याला आपसूक जमेल. बहुतेकांना ते जमते.

पुढच्या भेटीआधी हॅरोला फोन करून मोठ्यांशी स्पष्ट बोला, आणि मुलांनी पुन्हा नक्कल केली तर आपल्या मुलाच्या देखतच शांतपणे सांगा की तो तिथे राहतो म्हणून तसा बोलतो. बाजू घेतली गेली हे त्याला दिसले पाहिजे. शाळेत चिडवाचिडवी झाली तर फरक लक्षात ठेवा: ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने वंश, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांना संरक्षण आहे, निव्वळ प्रादेशिक हेलाला नाही. 'भारतीयांसारखा बोलतो' म्हणून कुणी छळत असेल तर ते शाळेला लेखी कळवा आणि लेखी उत्तर मागा.

खरे म्हणजे कान तयार करण्याची गरज मुलापेक्षा आपल्याला अधिक आहे. उत्तर इंग्लंडमध्ये आणि मिडलंड्समध्येही, म्हणजे बर्मिंगहॅमच्या भागातही, 'बस' आणि 'कप' यांतला स्वर 'उ'कडे झुकतो, 'बाथ' आणि 'ग्रास' यांतला आखूड होतो. लिव्हरपूलमध्ये शब्दाच्या शेवटचा 'क' घशातून 'ख'सारखा घासून येतो. स्कॉटलंडमध्ये 'कार' आणि 'पार्क' यांतला 'र' आपल्यासारखाच स्पष्ट उच्चारतात, त्यामुळे कित्येक मराठी माणसांना तिथले बोलणे अपेक्षेपेक्षा लवकर उलगडते. तिथे 'व्हेअर डू यू स्टे' असे विचारले, तर तुमचे घर कुठे आहे असा त्याचा अर्थ असतो. उत्तरेकडे दुपारच्या जेवणाला डिनर आणि संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणण्याची पद्धत अनेक घरांत आहे, तेव्हा मित्राच्या आईने मुलाला टीला बोलावले असेल तर त्याला घरून जेवू घालून पाठवू नका. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी तर 'पुअरली' किंवा 'बॅडली' म्हणणारा यॉर्कशरचा रुग्ण आपल्याला बरे वाटत नसल्याचेच सांगतो आहे हे पक्के ध्यानात ठेवावे, आणि समजले नाही तेव्हा मान न डोलवता पुन्हा विचारावे. पुन्हा विचारल्याने कुणी रागावत नाही.

क्लास नको म्हणताना एक अपवाद सांगतो. मूल मराठीतही अडखळत असेल, काही ध्वनी त्याला दोन्ही भाषांत काढता येत नसतील, किंवा वर्गातल्या मुलांनाही त्याचे बोलणे कळत नसेल, तर तो ॲक्सेंटचा प्रश्न नाही. अशा वेळी खासगी क्लास शोधत न बसता शाळेतल्या विशेष गरजांच्या समन्वयकांना भेटा किंवा जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे, जा. वाचा-उपचारांची (स्पीच थेरपीची) सोय एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत विनामूल्य आहे, आणि मूल घरी मराठी बोलते ही माहिती तिथे पहिल्याच भेटीत द्या.