टॉवेलचे हंस

ताई, नमस्कार.

मी 54 वर्षांचा, पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. नोव्हेंबरमध्ये लग्नाला 25 वर्षं झाली. बायकोचं माहेर वेंगुर्ल्याचं, तिला समुद्र आवडेल म्हणून दक्षिण गोव्यात वार्क्याला एका ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच पैशांत) रिसॉर्टचं दोन रात्री तीन दिवसांचं बुकिंग केलं. मोपा विमानतळापर्यंतच्या विमानासकट 58,000 रुपये. सरप्राइज म्हणून आदल्या रात्री सांगितलं. ती घरून पोळी-भाजीचे 14 डबे देते. आनंद राहिला बाजूला, पहिलं वाक्य काय, तर "डब्यांचं काय?" साडेअकरापर्यंत फोन करत बसली.

तिथे खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. तिने पाकळ्या गोळा करून केराच्या डब्यात टाकल्या आणि हंस मोडून टॉवेलांच्या घड्या घातल्या. सकाळी मुलगा खोली आवरायला यायच्या आत पलंगही हिनेच आवरला. बुफेत चाळीसेक पदार्थ, हिच्या ताटात वरण-भात आणि दही. मी सांगतोय, अगं सगळ्याचे पैसे भरलेत! मी माझ्या परीने वसूल केलं. दुपारी बिअर झाल्यावर जरा पडलो, उठून बघतो तर ही खाली डोशाच्या तव्यापाशी त्या मुलाशी गप्पा मारतेय. दिवसातून पाच-सहा वेळा पुण्याला फोन, कुणा मधुमेहवाल्या आजोबांना डबा पोचला का म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर कोळी जाळं ओढत होते, तिथून ही हलेना. नाश्ता साडेदहाला बंद होतो, शेवटी हाताला धरून आणावं लागलं. रात्री केक आला, गाणं वाजवलं, तर हिची मान खाली. झोपताना म्हणाली, "उद्या घरी जायचंय ना?" घरी आल्यावर मुलीला फोनवर रिसॉर्टचा एक शब्द सांगितला नाही. रापण (ते जाळं ओढणं) बघितली, एवढंच.

तिला माझ्याबरोबर राहायचंच नाही का? यापुढे हिला कुठेही न्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे. बरोबर ना?

— स., पुणे

*

स., नमस्कार.

ते ठरवलेलं आधी रद्द करा. बायकोला अजून बोलून दाखवलं नसेल तर उत्तम. दाखवलं असेल, तर "रागात बोललो" म्हणून आजच मागे घ्या. मग पुढचं वाचा.

तुम्ही वाईट नवरे नाही, हे पत्रावरून कळतं. तिला समुद्र आवडतो हे लक्षात ठेवून ज्याने बुकिंग केलं, त्याच्या मनात काय होतं ते वेगळं सांगायला नको. पंचवीस वर्षं झाली म्हणून हॉटेलात थाळी खाऊन परत येणारी जोडपीही मला पुष्कळ माहीत आहेत. तुम्ही हौस केलीत. तिची हौस काय आहे, ते विचारायचं तेवढं राहून गेलं.

डब्यांपासून सुरू करते, कारण तिनेही तिथूनच केली. तुम्हाला ऑफिसात तीन दिवसांची रजा हवी असेल तर अर्ज किती दिवस आधी टाकता? आणि मार्च अखेरीला साहेबांनी रात्री नऊ वाजता येऊन सांगितलं, की उद्यापासून तीन दिवस येऊ नका, तुमच्यासाठी सरप्राइज आहे, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल? "अहो, पण क्लोजिंगचं काय?" तिने अगदी तेच विचारलं. चौदा डबे म्हणजे चौदा घरं. सकाळची कणीक, निवडून ठेवलेली गवार, कुणाला तिखट कमी, कुणाला भात नको, आणि एक आजोबा असे की त्यांचं जेवण चुकलं तर साखर खाली जायची. ही सगळी घडी तिला दोन तासांत मोडावी लागली आणि तीही दहाच्या पुढे लोकांना फोन करकरून, दिलगिरी व्यक्त करत. "सुट्टी घेतेय" असं ऐटीत सांगायची संधीही तिला मिळाली नाही. सरप्राइज तुमचं, माफ्या तिच्या.

शिवाय आमच्या पिढीच्या बायकांची सहल जायच्या आधी पंधरा दिवस सुरू होते. कुठली साडी, कुठला ड्रेस, शेजारणीला सहज म्हणून सांगणं, बहिणीला मुद्दाम सांगणं. या पंधरा दिवसांचे पैसे पडत नाहीत आणि कधी कधी सहलीपेक्षा तेच बरे जातात. तेही गेले.

आता हंस.

तुम्ही लिहिलंय असं, की जणू तिने तुमच्या लग्नाचीच घडी मोडली. मी सांगू का? मी स्वतः महाबळेश्वरच्या एका हॉटेलात खराटा कुठे आहे म्हणून विचारलं होतं. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. ज्या बाईचा हात पंचवीस वर्षं आवरण्यात गेला, तिला पलंगावर चार टॉवेल वेडेवाकडे पिळून ठेवलेले दिसले की हात आपोआप पुढे होतो. त्यात तुमचा अपमान नाही. नवऱ्यादेखत परका मुलगा येऊन आपला चुरगळलेला पलंग आवरणार, याचा संकोच कित्येक बायकांना असतो. पुरुषांना तो का नसतो, हे मला कळलेलं नाही. तिला नाही म्हणायच्या ऐवजी तुम्ही एका टॉवेलाचं टोक धरायचंत. दोघांनी मिळून घडी घातली असती, त्या हंसांचं थोडं हसं केलं असतं, तर संध्याकाळ वेगळी गेली असती.

तुम्ही अकाउंट्सचे, म्हणून थोडं तुमच्या भाषेत बोलते. दोन रात्री तीन दिवस हे जाहिरातीतलं गणित. दुपारी दोनला खोली ताब्यात मिळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडावी लागते, म्हणजे झाले पंचेचाळीस तास. त्यातले झोपेचे सोळा वजा करा. दुपारी बिअर वसूल करून तुम्ही "जरा पडलात", ते वजा करा. तिने फोनवर घालवले ते वजा करा. बुफेच्या रांगा वजा करा. तुमच्या वाट्याला एकमेकांचे किती तास आले?

ही ऑल-इन्क्लुझिव्हची कल्पना गाजली ती 1950 पासून. जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर सैन्याच्या जुन्या तंबूंतून क्लब मेड या रिसॉर्ट कंपनीचा पहिला तळ टाकला. महायुद्ध संपून पाचच वर्षं झालेली. पैसे एकदा भरायचे आणि मग खिशाकडे बघायचंच नाही, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असा तो बेत. (दारूचे पैसे मात्र पुढेही वेगळेच असत. पाहुणे गळ्यातल्या माळेचे मणी मोडून द्यायचे. आजही परदेशातून आलेली दारू, मसाज आणि पाण्यातले खेळ बऱ्याच ठिकाणी पॅकेजच्या बाहेर असतात, पुढच्या वेळी विचारून घ्या.) म्हणजे पैशांची आठवण होऊ नये म्हणून निघालेली ही गोष्ट, आणि तुम्ही तीन दिवस तिला पैशांचीच आठवण करून देत राहिलात. "सगळ्याचे पैसे भरलेत" हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल? रोज चौदा डब्यांचा हिशेब घालणाऱ्या बाईला भरलेले पैसे कळत नाहीत असं समजू नका. उलट तिला जास्त कळतात. ताटात घेऊन टाकायचं नाही, हे तिच्या हाडात आहे, म्हणून वरण-भात. आणि दुसऱ्याच्या हातचं आयतं, गरम, न मागता पुढे आलेलं वरण-भात ही तिच्यासाठी चैन असू शकते, हे तुमच्या मनात आलं का?

डोशाच्या तव्याचं तुम्ही तक्रारीत लिहिलंत. मला ते वाचून बरं वाटलं. तुम्ही झोपलात, ती एकटी खोलीत भिंतीकडे बघत बसली नाही. खाली जाऊन आपल्या धंद्यातल्या माणसाशी चार गोष्टी बोलली. तो मुलगा दिवसाला किती डोसे घालतो, पीठ कधी भिजवतो, हे तिने नक्की विचारलं असणार. तुम्ही तिला विचारलंत का, काय बोलत होतीस म्हणून?

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही दोन ओळींत उरकली आहे. "कोळी जाळं ओढत होते, तिथून ही हलेना."

स., ती वेंगुर्ल्याची आहे. रापण म्हणजे तिच्यासाठी कुणीतरी कोळी आणि कसलंतरी जाळं नव्हे. होडी समुद्रात अर्धगोल घेत जाळं सोडत जाते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि बाया-माणसं दोन रांगा करून तासभर, कधी दोन तास, पाय वाळूत रोवून ते ओढत राहतात. जाळं जवळ येतं तसं पाणी चमकायला लागतं, वर घारी-बगळे जमतात. मग वाळूवर बांगडे, तारल्या, सौंदाळे तडफडतात. दोराला हात लावणाऱ्याला थोडी तरी मासळी मिळते, मग तो पाहुणा का असेना. लहानपणी परकर खोचून तिने तो दोर धरला असेल, आणि मिळालेले चार बांगडे घेऊन घराकडे पळत सुटली असेल. पंचवीस वर्षं पुण्यात राहून जी मालवणी तिने घडी करून ठेवून दिली, ती त्या क्षणी जिभेवर आली असेल. "अहो, रापण ओढतत!" असं काही ती म्हणाली का? आठवून बघा. म्हणाली असेल, तर ते ती तुम्हालाच सांगत होती. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या सहलीत बायको तुम्हाला हाताला धरून स्वतःच्या लहानपणात न्यायला निघाली होती आणि तुम्ही तिला हाताला धरून ऑम्लेटच्या काउंटरकडे आणलंत.

मुलीला तिने काय सांगितलं? रापण बघितली. म्हणजे सहल झाली तिची. रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर झाली, इतकंच.

आणखी एक गंमत तुमच्या लक्षात आली नसेल, तिच्या मात्र नक्की आली असणार. मोप्याचा विमानतळ पेडणे तालुक्यात, गोव्याच्या पार उत्तर टोकाला. तिथून सावंतवाडी, वेंगुर्ला जवळ आणि वार्का लांब. टॅक्सी विमानतळाबाहेर पडली आणि दक्षिणेला वळली, तेव्हा तिचं माहेर मागे राहिलं. ती काही बोलली नाही, बोलणारही नव्हती. तुम्ही एवढे पैसे भरले होते ना.

तुमचा खरा प्रश्न, तिला माझ्याबरोबर राहायचंच नाही का, याचं पक्कं उत्तर एका पत्रावरून मी देऊ शकत नाही. तुमच्यात दुसरं काही जुनं साचलेलं असेल तर ते तुम्हालाच ठाऊक. पण या पत्रात तरी मला नकोसं झालेलं माणूस दिसत नाही. दिसते ती एक बाई, जिला आयती बसायची सवय नाही आणि जिला कुणी विचारलं नाही.

तर करायचं काय. आधी बोला, पण "तू असं का वागलीस" असं सुरू करू नका, ते कोर्ट होईल. "त्या दिवशी सकाळी मी तुला रापणीवरून ओढून आणलं, चुकलं माझं. पुढे काय झालं असतं ते सांग ना," एवढंच म्हणा आणि गप्प बसा. बहुधा ती आधी "त्यात काय एवढं" म्हणेल. तरी गप्पच बसा. भाजी निवडताना बोललात तर उत्तम, हात कामात असले की तोंड उघडतं. तुम्हीही चार शेंगा घ्या.

मग जानेवारी-फेब्रुवारीतली एखादी तारीख दोघांनी मिळून ठरवा, निदान महिनाभर आधी. पावसाळ्यावर ढकलू नका, जून ते सप्टेंबर त्या समुद्रात उतरायचं नसतं. डब्यांची सोय कुणाकडे लावायची ते ती सांगेल, लावायची तुम्ही. जायचं वेंगुर्ल्याकडे, पण उतरायचं माहेरी नाही. माहेरी गेली की ती भावजयीबरोबर चुलीपुढे उभी राहणार आणि तुम्ही ओटीवर पेपर वाचत बसणार, मग पुण्यात काय वाईट होतं? शिरोड्याला, वेळागरच्या बाजूला, घरगुती राहायची सोय बघा, जिथे सकाळी घावणे आणि दुपारी माशाचं जेवण दुसरं कुणी करून वाढेल. माहेरी एक दुपार जा, जेवा आणि परत या. भावजय रागावेल, तिला तुम्ही समजवा, जावयाचं ऐकतात.

रिसॉर्टच हवं असेल तर तेही वाईट नाही, माझा त्या हंसांवर राग नाही. एक जेवण मुद्दाम बुडवून बाहेर खा आणि ते पैसे बुडाले म्हणू नका. बिअर रोज पिता तेवढीच प्या.

पहाटे किनाऱ्यावर रापण दिसली तर लांब उभे राहून फोटो काढू नका. तिच्यामागे दोराला हात लावा. दोर ओला असतो, खारट आणि खरखरीत. अकाउंट्सच्या हातांना फोड येतील. बांगडे मिळाले तर ते कुठे शिजवायचे हे तिला विचारू नका, तिचं ती बघेल.

आणि त्या आजोबांचा नंबर निघण्याआधी तिच्याकडून घेऊन ठेवा. डबा पोचला का, हा फोन या खेपेला तुम्ही करायचा आहे.

— ताई