जुन्या वेलींची रेड वाईन खरंच वेगळी लागते का? आणि आपल्या नारायणगावकडे ती का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की मित्राने स्पेनमधल्या रिओहाहून एका पिढीजात वायनरीची बाटली आणली, लेबलवर 'जुन्या वेली' असं आहे, आणि ही नुसती विकायची युक्ती तर नाही ना, अशी शंका आहे. शिवाय पुण्याच्या उशाला एवढी द्राक्षं असून इथे असं का होत नाही, हेही विचारलंय. आमची बाग जुन्नर तालुक्यात, म्हणून आधी इथलं सांगतो.

आपल्याकडे वेलीला म्हातारी होऊच देत नाहीत. खायच्या द्राक्षाची बाग पंधरा-वीस वर्षांची झाली, माल घटायला लागला की उपटायची आणि नवी लावायची. बागायतदाराचं चुकतं असंही नाही, बँकेचा हप्ता थांबत नसतो. त्यात हवामान. युरोपात थंडीत पानं गळतात आणि वेल चांगली झोप काढते. आपल्याकडे ती बारमाही हिरवी, म्हणून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार व्हायला, पाऊस सरता सरता फळछाटणी, माल धरायला. वर भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या. एवढं राबवल्यावर वेल लवकर थकणारच.

वाईनची द्राक्षं तर आपल्याकडे अजून तरुणच आहेत. शामराव चौगुल्यांनी नारायणगावला इंडेज ही वायनरी उभी केली ती १९८०च्या दशकात, आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं २००१ साली. बहुतेक वाईनबागा त्यानंतरच्या. आंतरराष्ट्रीय वेल व वाईन संघटनेने २०२४ मध्ये 'जुनी वेल' म्हणजे किमान ३५ वर्षांची अशी व्याख्या केली. त्या हिशेबाने आपल्याकडच्या बहुतेक वाईनबागांना अजून बरीच वाट बघायची आहे.

आता चव. जुन्या वेलीची मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे एखादा कोरडा महिना ती झेलून नेते. घड कमी लागतात. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा रसात नसतो, सालीत आणि बियांत असतो. माल कमी आणि मणी बारीक असले की रसाच्या मानाने साल जास्त येते आणि वाईन भरदार होते. पण हे वयामुळे किती आणि कमी मालामुळे किती, यावर जाणकारांतही एकमत नाही. माझं मत विचाराल तर वाईट जागी लावलेली वेल शंभर वर्षांनीही वाईटच वाईन देईल. जुन्या बागा टिकल्या, त्यातल्या बऱ्याच मुळात जागा चांगली होती म्हणूनच.

आणि टिकवल्या कुणी, तर बहुधा एखाद्या कुटुंबाने. एकरी माल कमी येतो, तो तोटा कुणीतरी सोसायला हवा. रिओहातल्या आरो गावचं लोपेस दे एरेदिया घराणं बघा. वायनरी १८७७ची. फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या तेव्हा फ्रेंच व्यापारी वाईनसाठी आरोला येऊन थडकले होते, त्या धामधुमीतली. त्यांचा टोंडोनिया मळा १९१३-१४च्या सुमारास लावला. ओकची पिंपं अजून स्वतःच्या कारखान्यात बनतात, वाईन निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. रिओहात रेड वाईनला ग्रान रेझर्वा, म्हणजे सगळ्यात जास्त मुरवलेल्या वाईनचा दर्जा, मिळायला ती किमान पाच वर्षं मुरवावी लागते, त्यातली दोन पिंपात. हे लोक त्याहून कितीतरी जास्त थांबतात. भागधारकांना दर तिमाहीला हिशेब द्यायचा असता तर हे जमलं नसतं.

तुमच्या लेबलबद्दल एवढंच: नुसतं 'जुन्या वेली' लिहिलं असेल तर फार विश्वास ठेवू नका. ती वर्षांची व्याख्या शिफारस आहे, कायदा नाही. लागवडीचं साल आणि मळ्याचं नाव दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

बाटली रेझर्वा (ग्रान रेझर्वाच्या खालचा दर्जा) किंवा ग्रान रेझर्वा असेल तर ती मुरवूनच बाहेर पडलेली आहे, साठवत बसू नका. पुण्याच्या एप्रिलमध्ये कपाटात ठेवली तर खराब व्हायचीच शक्यता जास्त. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग उघडा. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, हळू ओता आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. सोबत झणझणीत रस्सा नको, तिखटाने वाईन जास्तच तुरट आणि जळजळीत लागते. बेताच्या मसाल्याचं सुकं मटण करा.