आजीचं माहेर विचार

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद. तुझा आराखडा नीट वाचला. मलेशियातल्या पिनांगच्या आणि सिंगापूरच्या चिनी घरांत आजी-आजोबांची बोली किती उरली आहे हे शोधायला तू निघाली आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. एक गोष्ट मात्र लगेच बदल. प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, ‘आपली मातृभाषा कोणती?’, खोडून टाक. सिंगापूरमध्ये मातृभाषा हा शाळेतला विषय आहे आणि तो मुलाच्या वंशावरून ठरतो. चिनी मुलाला मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, मलय मुलाला मलय. त्यामुळे जिच्या आईने जन्मात मँडरिनचा शब्द उच्चारला नसेल, ती बाईसुद्धा तुला ‘मँडरिन’ असंच सांगेल. ती खोटं बोलत नसेल. शाळेत या प्रश्नाचं हेच उत्तर होतं.

त्याऐवजी विचार, की आजीचं माहेर कुठलं.

का, ते सांगते. तुझ्या हाती येणारे बहुतेक कागद वडिलांच्या बाजूचे असतील. आग्नेय आशियात गेलेले बहुतेक चिनी फूच्येन, क्वांगतुंग आणि हैनान या दक्षिणेकडच्या भागांतले. तिथल्या होक्किएन आणि तिओच्यू या बोली एकमेकींच्या जवळच्या, पण होक्किएन बोलणाऱ्याला कँटोनीज कळत नाही आणि कँटोनीज बोलणाऱ्याला हक्का कळत नाही. वसाहतीच्या कचेरीतल्या कारकुनाने आडनाव कानावर पडलं तसं रोमन अक्षरांत उतरवलं. म्हणून एकच चिनी अक्षर होक्किएन घरात ‘तान’ झालं, कँटोनीज घरात ‘चान’ आणि हक्का घरात ‘चिन’. मँडरिनमध्ये ते ‘छन’ आहे. पुढे शाळांत मँडरिन उच्चाराची नावं रूढ झाली, म्हणून आज पुष्कळांचं आडनाव होक्किएन आणि पुढचं नाव मँडरिन असं दिसेल. दारावरची पाटी वाचूनच अर्धी माहिती मिळाली, असं तुला वाटेल. पण ती पाटी आजोबांची आहे. सिंगापूरच्या नोंदींमधला ‘बोलीगट’ही वडिलांवरून चालत आलेला. कुळाची वंशावळ तर थक्क करणारी असते: एका कवितेतलं एकेक अक्षर पिढी-पिढीला वाटून दिलेलं, ते त्या पिढीतल्या साऱ्या चुलत भावांच्या नावांत येतं, आणि त्यावरून दोन अनोळखी माणसांनाही आपल्यात काका कोण आणि पुतण्या कोण ते कळतं. पण जुन्या वंशावळींत मुलींना बहुधा जागाच नसते.

मूल बोलायला शिकतं ते मात्र आईच्या आणि आजीच्या मांडीवर. होक्किएन आडनावाच्या घरात कँटोनीज सून आली आणि नवरा दिवसभर दुकानात असला, तर मुलांच्या तोंडी कँटोनीज बसली. कागदावर ते घर होक्किएनच राहिलं.

सिंगापूरला शिकवत होते तेव्हा एका सहकाऱ्याच्या घरी अधूनमधून रविवारी जेवायला जायचे. ‘आम्ही तिओच्यू’ असं त्याने मला सांगून ठेवलेलं. वाफवलेला मासा टेबलावर आला की त्याची लहान मुलगी चॉपस्टिकला हात लावण्याआधी एकेका वडीलधाऱ्याकडे वळून म्हणायची, ‘आ-कोंग, चिआ. आ-मा, चिआ.’ आजोबा, जेवा. आजी, जेवा. मान वयाच्या क्रमाने. ते झालं की ती भावाशी इंग्रजीत भांडायला मोकळी. आजीने तिला तिओच्यूत लांबलचक काही विचारलं, की पोर आजीकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि आई मँडरिनमध्ये दोन शब्दांत सांगायची. मग एकदा आजींना बहिणीचा फोन आला आणि त्या गॅलरीत जाऊन भरभरून कँटोनीज बोलू लागल्या. आवाज चढलेला, हसणं मोकळं. टेबलाशी मितभाषी वाटणाऱ्या बाई त्या याच का, असं वाटावं. सहकाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, ‘हो, ती मूळची कँटोनीज. लग्नानंतर तिओच्यू शिकली.’ जनगणनेत, बोलीगटात, घराच्या ओळखीत त्या कँटोनीजचा मागमूस नव्हता. घरातल्या कोणालाच ती नीट येत नव्हती. तुझ्या कामाचा गाभा अशा गॅलरीतल्या फोनांत आहे, आणि तो प्रश्नावलीत सापडणार नाही.

आता मोहिमेबद्दल. १९७९च्या सप्टेंबरात सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली. इंग्रजी आणि मँडरिन या दोन्ही शिकायच्या मुलांवर घरच्या बोलीचं तिसरं ओझं नको, आणि वेगवेगळ्या बोलींच्या चिन्यांना एक समान भाषा हवी, असा त्यांचा युक्तिवाद. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओ-दूरदर्शनवरचे बोलींतले कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बंद झाले. मतदारांशी बोलता यावं म्हणून ली स्वतः होक्किएन शिकले होते. त्यांनीही ती भाषणं थांबवली. घरात प्रामुख्याने चिनी बोली बोलणाऱ्या रहिवाशांचं प्रमाण २०१०च्या जनगणनेत १४.३ टक्के होतं, २०२०मध्ये ते ८.७ टक्के झालं. आणि २०१६मध्ये त्याच सरकारला वृद्धांपर्यंत योजना पोहोचवण्यासाठी होक्किएन मालिका काढावी लागली. धोरणाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे: किंमत फार मोठी होती आणि ती आज्यांनी मोजली. पण म्हणून कोणत्याही आईला ‘तुम्ही मुलांना बोली का नाही शिकवली?’ असं विचारू नकोस. मुलाचं शाळेत अडू नये म्हणून तिने स्वतःच्या आईची भाषा ओठांवरून मागे घेतली. तो आरोप तिने मनातल्या मनात स्वतःवर पुष्कळदा केलेला असतो.

तुलनेसाठी इंडोनेशियातल्या मेदान शहराबद्दल जरूर वाच. इंडोनेशियात १९६६ नंतर चिनी शाळा बंद झाल्या, सार्वजनिक ठिकाणी चिनी अक्षरांवर बंदी आली, नावं बदलण्यासाठी दबाव आला. सुहार्तोंची राजवट १९९८मध्ये संपेपर्यंत हे चाललं. तरी मेदानच्या घरांत आणि दुकानांत होक्किएन टिकली. ज्या देशात चिनीपण दडपलं गेलं तिथे आजीची बोली राहिली, आणि ज्या देशात चिनी भाषेचा सरकारी गौरव झाला तिथे ती ओसरली. मला वाटतं, बोलीच्या जागेवर तिचीच प्रतिष्ठित बहीण येऊन बसली की घराला धोका जाणवत नाही; आपण आपलंच काही शिकतो आहोत असं वाटत राहतं. हे माझं अनुमान आहे, तू तपासून बघ.

पिनांगला पोहोचलीस की तिथली माणसं तुला आधीच बजावतील, ‘आमची होक्किएन शुद्ध नाही हं.’ त्यात मलय शब्द खच्चून भरले आहेत: दगडाला बातू, साबणाला ‘साप-बुन’, पावाला ‘लोती’. मुळात ती फूच्येनमधल्या चांगचौ भागाची बोली, बंदरात दोनशे वर्षं वाढलेली. शुद्ध बोलून दाखवा असं कोणाला सांगू नकोस, नाहीतर लोक तुझ्यासाठी मँडरिनच्या वळणाची एक खोटी होक्किएन बोलू लागतील आणि तू तीच टिपून आणशील.

एप्रिलच्या सुरुवातीला चेंग बेंग येतो, म्हणजे पितरांच्या थडग्यांवर जायचा दिवस. कोणी बोलावलं तर नक्की जा, आणि नुसती बघत उभी राहू नकोस. गवत उपट, पुसट अक्षरं रंगाने भरत असतील तर डबा धर. थडग्यावर मूळ गावाचं नाव कोरलेलं असतं, तेही बहुधा सासरचंच. पण चिनी बाईचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही, आणि थडग्यावर तिचं माहेरचं आडनाव असतं. वंशावळीने लपवलेला धागा दगडावर सापडतो. ते आडनाव लिहून घे आणि ‘हिचे भाऊ कुठे राहायचे?’ एवढं विचार. मग जे बोलणं सुरू होईल ते थांबवू नकोस.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडंच. आजीला तुझ्याशी बोलायला लावू नकोस. तुला येते ती मोडकी होक्किएन ऐकून ती शब्द सोपे करेल. तिला तिच्या बहिणीजवळ, नणंदेजवळ, जुन्या शेजारणीजवळ बसव, पुढ्यात निवडायला भाजी असू दे, आणि तू खोलीबाहेर जा. नात्यांचे शब्द मात्र समोर बसून विचार. वडिलांचा थोरला भाऊ ‘आ-पेह’, धाकटा ‘आ-चेक’. असे भेद मराठी माणसाला पटकन कळतात, कारण आत्या आणि मावशी यांत आपणही गल्लत करत नाही. त्यात तुला इंग्रजीतून शिकलेल्या संशोधकांपेक्षा सोपं जाईल. मुद्रणाची प्रत घरच्यांना दे, विद्यापीठाला देण्याच्या आधी. त्यात काही खाजगी आलं असेल तर तेवढं पुसायचा हक्क त्यांचा, तुझा नाही.

आणि निघण्याआधी माझगावला जाऊन ये. नवाब टँक रोडवर सी यप कून हे चिनी मंदिर आहे, १९१९चं. सी यप म्हणजे क्वांगतुंगमधले चार तालुके. तिथून आलेल्या कँटोनीज खलाशांनी आणि कारागिरांनी ते उभारलं. आपल्या गाड्यांवर मिळणाऱ्या हक्का नूडल्सचं नाव मात्र दुसऱ्या समाजाचं, कोलकात्याच्या टांगऱ्यात चामडं कमावणाऱ्या हक्का लोकांचं. १९६२च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. पुढे त्यांच्यातले आणि इतरही बरेच जण टोरांटोला गेले. तिथे आज हॉटेलच्या पाटीवर ‘हक्का’ लिहिलं असेल तर आत आपल्या चवीचं चिली चिकन मिळतं. पिनांगच्या कोणी विचारलं, ‘तुमच्या देशात आमची माणसं आहेत का?’, तर हे सगळं तुला सांगता यायला हवं, देवळीसकट.

माझा जुना मायक्रोफोन कपाटात पडून आहे. आवाज स्वच्छ घेतो आणि भांड्यांच्या खडखडाटातही माणसाचं बोलणं हरवत नाही. या आठवड्यात येऊन घेऊन जा.

तुझी,
बाई