नदी खारट होतीये, आम्ही काय करू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा नदीकाठच्या लोकांचा एक ग्रुप आहे. रविवारी जमून प्लास्टिक, कचरा काढतो, पण गेल्या काही वर्षांत पाणी खारट लागायला लागलंय, काठावरच्या विहिरींचंही तेच. वरच्या बाजूला कारखान्यांचा नाला आहे, वस्ती पण वाढलीये. सांडपाण्याचा प्लांट सुरू झाला की सगळं ठीक होईल असं सांगतात. खरंय का हे? आणि मिठाचं आमच्यासारख्यांनी करायचं तरी काय?

उत्तर : आधी प्लांटचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो. नेहमीच्या प्लांटमध्ये जिवाणू घाण खातात, म्हणजे जे कुजतं ते जातं. मीठ कुजत नाही. त्यातलं क्लोराइड (मीठ पाण्यात विरघळलं की सुटणारा त्याचा एक भाग, मीठ मोजायचं ते यावरूनच) जसं आत जातं तसंच बाहेर पडतं, शेवटी क्लोरीन मारलं तर किंचित वाढूनच. ते काढायचं तर आरओ लागतं, त्याला वीज लागते, आणि मागे उरणारं दाट खारं पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न परत आ वासून उभा. त्यामुळे मीठ नदीत येण्याआधी अडवायचं, दुसरा स्वस्त रस्ता नाहीये.

अडवायचं तर येतंय कुठून ते कळायला हवं आणि त्यासाठी चवीवर जाऊ नका. क्लोराइड लिटरला साधारण २५० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जिभेला कळायला लागतं, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ साली गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी कायमस्वरूपी सहन होईल अशी जी मर्यादा घातली ती २३० आहे, म्हणजे तुम्हाला खारट लागेस्तोवर आतल्या किड्यामाशांचं भोगून झालेलं असतं.

पेनसारखा टीडीएस मीटर (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) मिळतो तो घ्या. तो खरं तर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतो, मीठ की दुसरा क्षार ते सांगत नाही, पण कुठे आकडा उडी मारतो ते कळायला पुरेसा आहे. जागा पक्क्या करा, नाल्याच्या वर, नाल्यात, आणि खाली जिथे दोन्ही पाणी नीट मिसळलंय तिथे. काठाचं साचलेलं पाणी नको, वाहत्या धारेतलं घ्या, मीटरचं टोक त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा मगच आकडा लिहा, आणि शेजारी पाऊस झाला होता का, पाणी किती होतं हेही लिहा, कारण पावसाने आकडा पडतो आणि लोक खूश होतात की सुधारलं म्हणून! कधीतरी रात्री पण जा (दोघंतिघं मिळून). सोडणारे दिवसाढवळ्याच सोडतात असं कुठेय.

आकडा वाढलेला दिसला तिथे क्लोराइडची पट्टी वापरा. पट्टीवर तपकिरी रेघ असते, खालचं टोक पाण्यात उभं धरलं की पाणी वर चढतं आणि तपकिरी रंग पांढरा होत जातो, पांढरं टोक जिथे थांबलं तो आकडा बाटलीवरच्या तक्त्यात बघायचा. अमेरिकेत आयझॅक वॉल्टन लीग ही संस्था सॉल्ट वॉच नावाच्या उपक्रमात अशा पट्ट्या लोकांना फुकट पाठवते आणि लोक मोजून फोटो टाकतात. हे काम शाळेतली पोरंसुद्धा करू शकतात.

आणि एक, समुद्र जवळ असेल तर भरतीचं पाणी वर येतं का ते आधी तपासा, नाहीतर उगाच कारखान्याच्या नावाने शंख.

मीठ दरवेळी कारखान्यातूनच येतं असंही नाही हां. कॅलिफोर्नियात सांता क्लारा नदीच्या खालच्या अंगाला स्ट्रॉबेरी आणि ॲव्होकॅडो होतात, दोन्हीला क्लोराइड सोसत नाही, तिथे मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅमची. मीठ बरंचसं निघालं घराघरातल्या वॉटर सॉफ्टनरमधून, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून! त्यातला रेझिन (जडपणा पकडणारे बारीक मणी) मिठाच्या पाण्याने धुतात आणि ते पाणी जातं गटारात. नदीच्या वरच्या अंगाच्या सांता क्लारिटा भागात २००३ मध्ये नवीन सॉफ्टनर बंद केले, मग २००८ मध्ये लोकांनी मतदान करून असलेलेही काढायचं ठरवलं, आणि काढणाऱ्याला पैसे पण दिले. मला ही गोष्ट आवडते कारण वरच्यांनी खालच्यांसाठी स्वतःच्या घरातली सोय सोडली. तरी सगळं भागलं नाही, बाहेरून आणलेल्या पाण्यातही क्लोराइड होतं.

कारखाना ऐकतच नसेल तर मग कोर्ट. तामिळनाडूत तिरुपूरच्या कापड रंगवणाऱ्या युनिट्सचं खारं पाणी नोय्याल नदीत जाऊन ओरत्तुपाळयम धरणात साठलं, शेतीसाठी बांधलेल्या धरणाचं पाणी शेतीलाच चालेना. शेतकऱ्यांची संघटना मद्रास हायकोर्टात वर्षानुवर्षं भांडली आणि २०११ मध्ये कोर्टाने सातशेच्या वर युनिट्स बंद करायला लावली. पाणी बाहेर सोडायचंच नाही, मीठ काढून परत वापरायचं, ही अट तिथे आली. हजारोंचा रोजगार मात्र काही काळ बुडाला, तेव्हा कामगारांशी आधी बोला, शत्रू करू नका त्यांना.

प्रश्न : मी बर्फाच्या देशात राहते. बर्फ वितळावा म्हणून सोसायटीचा कॉन्ट्रॅक्टर पार्किंगमध्ये नुसतं ओततो मीठ. काही बोलावं का?

उत्तर : बोलाच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची प्रदूषण नियंत्रण संस्था सांगते की एक चमचा मीठ साधारण १९ लिटर पाणी कायमचं बिघडवतं. कॉफीचा एक मोठा मग मीठ वीसेक फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. जमीन उणे ९ सेल्सिअसच्या खाली गेली की साधं मीठ फारसं चालत नाही, तेव्हा वाळू. आधी फावड्याने काढायचं, मीठ नंतर, आणि सुकल्यावर उरलेले खडे झाडून भरून ठेवायचे.

कॉन्ट्रॅक्टर जास्त टाकतो कारण कुणी घसरलं तर केस होईल ही त्याची भीती, आणि ती खोटी नाही. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्यात म्हणूनच ट्रेनिंग घेऊन प्रमाणात मीठ टाकणाऱ्यांना अशा दाव्यांपासून कायद्याने संरक्षण दिलंय. तुमचा करार पोत्यांवर असेल तर तो बदलता येतो का बघा, पोत्यांवर पैसे मिळाले की पोती वाढणारच.

प्रश्न : नदीतलं मीठ खेचून घेणारी पावडर एकजण विकतोय. वनस्पती लावूनही मीठ जातं म्हणे. घ्यावी का?

उत्तर : नाही. तुरटीसारख्या पावडरीने गाळ बसतो, मीठ नाही. वनस्पती थोडं घेतात, पण कापून बाहेर नेल्या तरच, आणि वाहत्या नदीपुढे ते कितीसं होणार. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात झाडं लावतात त्याचं कारण वेगळं आहे, तिथे खोल मुळांची झाडं तोडल्यावर भूजल वर आलं आणि जमिनीतलं मीठ घेऊन आलं, ते पाणी परत खाली राहावं म्हणून. पावडरवाल्याला एक बादली नदीचं पाणी द्या, त्याच्यासमोर आधी मीटर लावा, पावडर टाकल्यावर परत लावा. पावडर विरघळणारी असेल तर आकडा वाढलेलाच दिसेल.