विजेने लिहिता-पुसता येणाऱ्या कागदासाठी कोणता लेप निवडावा: व्हायोलोजेन की टंगस्टन ऑक्साइड?

व्हायोलोजेन (एक सेंद्रिय रंगद्रव्य) आणि टंगस्टन ऑक्साइड (एका धातूचे ऑक्साइड) या विजेने रंग बदलणाऱ्या दोहोंपैकी कोणता लेप अधिक गडद उमटतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही बाब दुय्यम आहे. असा कागद फसतो तो बहुधा रंगद्रव्यामुळे नव्हे, तर त्याला लागून असलेल्या इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे आयन (विद्युतभारित कण) वाहून नेणाऱ्या, थरामुळे आणि उघड्या कडांमुळे.

मी काम करीत असलेल्या प्रयोगशाळेत वरिष्ठांचा हट्ट असा, की अक्षरे टिकत नसतील तर व्हायोलोजेनचे प्रमाण वाढवा. आम्ही वाढवीत गेलो. संध्याकाळी जांभळी अक्षरे सुरेख उमटत. सकाळी पाहावे तर कडेची अक्षरे नाहीशी झालेली आणि मधली ठळक. रंगच कच्चा असता, तर तो सगळीकडे सारखा उतरला असता. व्हायोलोजेन एक इलेक्ट्रॉन घेऊन जांभळे होते आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तोच काढून घेतो. म्हणजे हवा कडेने शिरत होती. मी एका नमुन्याच्या दोन कडा इपॉक्सी या डिंकाने बंद केल्या आणि दोन तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फक्त उघड्या कडांलगतची अक्षरे गेली होती. हा नमुना टेबलावर असतानाही बैठकीत ठरले ते प्रमाण वाढवायचेच! परिणामी रंगलेले रेणू एकमेकांना चिकटून, अक्षरे पुसल्यावरही जांभळट छटा मागे राहू लागली.

टंगस्टन ऑक्साइडचा विजेने रंग बदलण्याचा गुण देब या शास्त्रज्ञांनी १९६९ साली दाखवून दिला. ते निळे होण्यासाठी इलेक्ट्रॉनबरोबर प्रोटॉन किंवा लिथियमचे आयनही आत शिरावे लागतात, त्यामुळे इलेक्ट्रोलाइट वाळला की लेप कितीही चांगला असो, रंग बदलत नाही. पाण्याचे जेल वापरल्यास व्होल्टेज जपून वाढवावे, कारण १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचे विघटन होऊ शकते आणि बुडबुड्यांनी थर सुटतो. प्रॉपिलीन कार्बोनेट या पाणी नसलेल्या द्रावकातील लिथियम क्षाराचे जेल मला अधिक भरवशाचे वाटते. गडदपणाच हवा असेल तर व्हायोलोजेन घ्यावे, पण कडा बंद करूनच.

ई-रीडरच्या पडद्याला यातले काही लागू नाही; तिथे रंगद्रव्याचे कण केवळ जागा बदलतात. आपल्या कागदात मात्र लेपाला वीज पोचवणाऱ्या वाहक थराचा रोध जास्त असेल, तर जोडणीपासून दूरचा भाग कडा बंद करूनही फिकाच राहील. तेव्हाही कोणी प्रमाण वाढवायला सांगितले, तर आधी मधोमध व्होल्टेज मोजून तो आकडा तारखेसह वहीत लिहावा आणि त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यावी.